जंगलाचा पडदा : हात कुठे, मन कुठे

२४ ऑगस्ट

गावच्या नाट्यमंडळाने या हंगामासाठी हाताने रंगवलेला जंगलाचा पडदा करून मागितला आहे. आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशापासून फार लांब नाही, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या ऐन मुलखात आहे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत या भागात रात्ररात्र नाटके चालतात, आणि महाल, रस्ता, घर व जंगल हे पडदे प्रत्येक मंडळाला लागतातच. अलीकडे त्यांची जागा छापील फ्लेक्सने घेतली. फ्लेक्स स्वस्त पडतो आणि दवाला जुमानत नाही. परंतु समोरून दिवा पडला की तो चकाकतो, आणि घडी पडली असेल तिथे भर अरण्यात एक सरळ उभी रेघ दिसते. मंडळाला या रेघेचा कंटाळा आला आहे.

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवतो, पण पडदे रंगवणे ही वेगळी विद्या आहे. ती येते गावातल्या पेंटरकाकांना. त्यांनी तरुणपणी नाटक कंपन्यांचे पडदे केले आणि पुढे दुकानांच्या पाट्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावे लिहून प्रपंच चालवला. या कामात ते मुख्य आणि मी त्यांच्या हाताखाली, अशी वाटणी सुरुवातीलाच झाली.

या नोंदी मात्र माझ्या हौसेच्या आहेत. चित्र रंगवताना मन कुठे जाते, आणि ते जिथे जाते त्याचा रंगवलेल्या कापडावर काही परिणाम होतो का, हे मला या पडद्याच्या निमित्ताने पाहायचे आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात लोकांना फोनवरून मध्येच कधीही विचारले जाई की आत्ता काय करता, मन त्याच कामात आहे का, आणि कसे वाटते. २,२५० प्रौढांच्या उत्तरांतून असे निघाले की ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामाव्यतिरिक्त दुसरीकडेच होते, आणि तशा वेळी माणसे कमी सुखी होती. आकडा मोठा आहे, पण कामच पानामागून पान रंगवण्याचे असेल तर त्या सरासरीवरून फारसे काही कळत नाही. पद्धत मात्र उचलण्यासारखी वाटली. भाच्याने माझ्या फोनमध्ये मध्येच कधीतरी वाजणारी घंटा बसवून दिली आहे. ती वाजली की वहीत लिहायचे : हात काय करत होता, मन कुठे होते, आणि पडद्यावरची चौकट कोणती होती.

कालच तान्हा पोळा झाला. लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांतली दोनचार आज समाजमंदिराच्या खिडकीत डोकावून गेली. एवढे पांढरे कापड कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता.

३१ ऑगस्ट

मांजरपाटाचे पन्हे जोडून २० फूट रुंद आणि १२ फूट उंच कापड शिवून आले. ते लाकडी चौकटीवर ताणून आज त्याला अस्तर दिले. सरस रात्रभर भिजवायचा आणि पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर विरघळवायचा. थेट जाळावर उकळला तर त्याची पकड जाते. त्यात खडूची पावडर मिसळून रुंद ब्रशने उभे-आडवे हात मारायचे. सरस कमी पडला तर पुढे रंगाची भुकटी अंगाला लागते, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना त्याला तडे जातात.

घंटा वाजली तेव्हा मन प्रत्येक वेळी सरसाच्या भांड्यातच होते. त्या वासाजवळ बसून कोणाचे मन लांब जाईल, असे मला वाटत नाही.

७ सप्टेंबर

निळीत घोळलेली दोरी ताणून, फटका मारून एक-एक फुटाच्या चौकटी पाडल्या. उभ्या पट्ट्यांना अक्षरे आणि आडव्या पट्ट्यांना आकडे दिले. मूळ नकाशा कागदावर इंच-फुटाच्या प्रमाणात होता. तो पाहून दुपारपर्यंत खोडे, फांद्या, पायवाट आणि मागचे डोंगर कोळशाने उतरवले.

या कामात मन हलत नाही. फांदी एका चौकटीतून दुसरीत जाताना नजर कागद, कापड आणि पुन्हा कागद असा प्रवास करत राहते, आणि तिथे दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी चित्रकारांच्या निरीक्षणापासून सुरुवात करून ज्या तल्लीनतेविषयी आयुष्यभर लिहिले, ती हीच असावी : काम आवाक्याच्या जरासे पुढे असते, आणि काळवेळेचे भान सुटते. माझी तक्रार एवढीच की कलेविषयी बोलणारे बहुतेक जण याच अवस्थेविषयी बोलतात. २४० चौरस फुटांच्या पडद्यावर तल्लीन होण्याचे काम एका दुपारीच संपले. उरलेले सगळे भरकाम आहे, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही.

१४ सप्टेंबर

भरकाम सुरू झाले. पानांसाठी तीन हिरवे केले : नीळ, पेवडी (पिवळा रंग) आणि थोडी काजळी घालून गडद, काजळीशिवायचा मधला, आणि खडू घालून उजळ. सरसातला रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळला की बराच फिका पडतो. म्हणून प्रत्येक डब्यातला थेंब आधी कापडाच्या तुकड्यावर लावून, उन्हात वाळवून मगच हात घालायचा. पान मारायची रीत काकांनी दाखवली. चपटा ब्रश टेकवायचा, दाबायचा, मनगट किंचित फिरवायचे आणि उचलायचा. दाब असतो तिथे पानाचे पोट होते, उचलला की टोक. चांगले पान एका श्वासात होते. दोन हात लागले तर ते पान लांबून डागासारखे दिसते.

थोड्या वेळाने मनगट आपोआप फिरू लागले, आणि घंटेची पहिली भटकी नोंद तेव्हाच झाली. मन धानावर होते. लोंब्या निघायच्या दिवसांत तुडतुडा आला तर फवारणी कोणाकडून करून घ्यायची, पंप कोणाचा मागायचा, त्याला काय सांगायचे, अशी पूर्ण वाक्ये मनात चालली होती. त्यानंतर मुलीच्या नागपूरच्या वसतिगृहाचा हिशेब आला. त्यानंतर गेल्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत झालेला एक वाद आला, आणि त्यात मी प्रत्यक्षात दिले नव्हते असे एक चोख उत्तर देऊन तो जिंकलाही. एवढा वेळ हात पाने मारत होता, आणि पाने नीट पडत होती.

दुपारनंतर मनाचा रंग बदलला. अडलेली कामे बोलून संपली असावीत, कारण आता शब्दांऐवजी चित्रे दिसू लागली. चैत्रात पहाटे आईबरोबर मोह वेचायला जायचो तो ओढ्याकाठचा चढ, तिने झाडाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशी झाडून ठेवलेला, आणि त्या स्वच्छ जमिनीवर पडलेली फिकट, रसाळ फुले. टोपलीत पडताना त्यांचा आवाज होत नाही, हेही आठवले. घंटा वाजली. चौकट ड-७.

संध्याकाळी काका मागे सरकून बघत राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हा तं मोह झाला जी. नकाशात मोह कोठी होता?” नकाशातली झाडे कॅलेंडरवर असतात तशी होती, कुठल्याच जंगलात न सापडणारी, गोल घुमटांची. ड-७ मधली पाने मात्र फांदीच्या टोकाला झुपक्याने आली होती. मोहाची पाने तशीच असतात.

१७ सप्टेंबर

शाळा सुटल्यावर दोन तास काम केले. उजळ पाने. घंटा वाजली तेव्हा मन शब्दांत होते. सहामाहीच्या पेपराचे प्रश्न जुळवत होतो. पाने ठीक पडली.

२१ सप्टेंबर

आज काकांनाच विचारले की रंगवताना तुमचे मन कुठे असते. पहिले उत्तर आले, “कोठीच नसते.” नंतर ते आपणहून बोलले. त्यांच्या उस्तादाने त्यांना एकच पथ्य सांगितले होते : “रंगवताना गाना म्हन, गोष्टी कर, पन दुसरा झाड आठवू नोको.” काका म्हणूनच दिवसभर तुकडोजी महाराजांची भजने गुणगुणतात. आजवर मला वाटत असे की ती भक्ती आहे. भक्ती असेलही, पण त्या गुणगुणण्याने मनाची बोलणारी बाजू गुंतून राहते आणि बघणारी बाजू पडद्यासाठी मोकळी राहते, हा त्यातला कारागिरीचा भाग मला आज कळला.

घरी येऊन एक जुना प्रयोग पुन्हा वाचला. ली ब्रूक्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये काही जणांना रोमन लिपीतले एक जाड कडांचे मोठे अक्षर मनात धरायला सांगितले. मग मनातल्या मनात त्या अक्षराच्या कडेने फिरत जायचे, आणि प्रत्येक कोपरा सगळ्यांत वरच्या किंवा खालच्या टोकाला आहे की नाही, याचे हो-नाही असे उत्तर द्यायचे. हे उत्तर तोंडाने देणे सोपे गेले. पण समोरच्या कागदावर छापलेल्या हो-नाहीच्या खुणांवर बोट ठेवून देताना माणसे पार रखडली. दुसऱ्या वेळी मनात चित्राऐवजी वाक्य होते, आणि तेव्हा बरोबर उलटे झाले : बोट ठेवणे सोपे गेले आणि बोलणे जड. मनातले चित्र आणि डोळ्यांनी चालवलेला हात यांना एकच वाट लागते. वाक्य आणि बोलणे यांना दुसरी.

उस्तादाचे पथ्य आणि ब्रूक्सचा प्रयोग एकच गोष्ट सांगतात, असे मला दिसते. मन भटकले की कामाची माती होते, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे ऐकवत आलो. प्रश्न मन भटकले की नाही हा नसून ते बोलत भटकले की बघत, हा असावा. धानाच्या फवारणीला रूप नाही, म्हणून ती हाताच्या आड येत नाही. मोहाच्या झाडाला रूप आहे, आणि ते ब्रशातून कापडावर उतरते.

२८ सप्टेंबर

हे पडताळून पाहण्याची संधी आपणहून चालून आली. समाजमंदिराच्या दुसऱ्या टोकाला आजपासून नाटकाची तालीम सुरू झाली. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून गावातल्या तरुण मुलांच्या बोलण्यात त्यांचे नाव वरचेवर येते, आणि मंडळाकडे खलनायकाच्या भूमिकेसाठीही आता उमेदवार कमी पडत नाहीत. तालमीत एकच प्रवेश पुन्हा पुन्हा चालला. मी पाठमोरा बसून डाव्या झाडाची गडद पाने भरत होतो. चहाच्या वेळी खलनायक अडखळला, तेव्हा त्याचे पुढचे वाक्य माझ्या तोंडून निघाले, आणि त्याच्यापुढचेही.

जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग याच्याशी जुळतो. ४० जणांना फोनवरचा अडीच मिनिटांचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला आणि त्यांतल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीने भरायला सांगितले. पुढे अचानक विचारले तेव्हा आकार भरणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के अधिक आठवले. याचे कारण असे सांगतात की हाताला थोडेसे काम मिळाले की मन दिवास्वप्नात फार खोल जात नाही. आकार भरणे म्हणजे आमची पानेच झाली. वर्गात वहीच्या कडेला नक्षी काढणाऱ्या मुलांना मी यापुढे रागावणार नाही. भूगोल शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना हे पटवणे मात्र वेगळे काम आहे.

आज मन सगळ्यांत कमी भटकले. नकाशात नसलेले एकही झाड पडद्यावर आले नाही.

२ ऑक्टोबर

दसऱ्याची सुट्टी. तालीम नाही, काका सोने वाटायला गेलेले, मी एकटाच. मधल्या भागात पायवाटेपलीकडची झुडपे भरायची होती.

शांततेत मन लगेच बघू लागले. नवेगाव बांधच्या तलावाचे पाणी, काठावरचा चिखल, आणि पूर्वी एकदा धानाच्या बांधीत जोडीने उभे असलेले सारस. ते पक्षी माणसाच्या उंचीचे असतात. लांबून पाहिले तर बांधावर कोणी शेतकरी उभा आहे असे वाटते. आज घंटा वाजण्याची वाट न पाहता मी स्वतःच थांबून कापडाकडे पाहिले. झुडपांची पाने लांबुळकी, उभी आणि दाट झाली होती, पाणथळीतल्या गवतासारखी. त्यांच्याखाली कोरडी पायवाट होती, आणि दोन्हींचे काही केल्या जमत नव्हते.

काका आल्यावर त्यांना दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले, मग पायवाटेचा खालचा भाग कोळशाने खोडून तिथे त्यांनी पाण्याची कड आखली. आमच्या जंगलात आता एक तलाव आहे. झाडीपट्टीतले जंगल तलावाशिवाय कसे असेल, हा त्यांचा युक्तिवाद मला पटला. कोहळी लोकांनी बांधून ठेवलेले इतके तलाव आजूबाजूला असताना मूळ नकाशात एकही नव्हता, हेच खरे आश्चर्य.

याचा अर्थ बघत भटकणे वाईटच, असेही नाही. ते चुकीच्या वेळी येते, एवढेच. हाच तलाव नकाशाच्या कागदावर आला असता तर खोडाखोड झाली नसती.

१२ ऑक्टोबर

आजची नोंद मी सगळ्यांत जास्त मनापासून करतो आहे. भरकाम संपले. डागडुजी सुरू करण्यापूर्वी काकांना विनंती केली की ज्या चौकटी पुन्हा हाताखालून घालाव्या लागतील, त्यांवर खडूने खूण करा. माझ्या वहीत काय आहे हे मी त्यांना सांगितले नाही. ते बाजेवर बसून, मध्ये मध्ये डोळे बारीक करून, तासभर पडदा बघत राहिले.

त्यांच्या खुणा आणि माझी वही शेजारी ठेवली. हिशेब, भांडणे, पेपराचे प्रश्न आणि तुडतुडा यांनी भरलेल्या चौकटींपैकी एकीवरही खूण नव्हती. ज्या चौकटींत मन पूर्ण कामात होते, त्यांच्याइतकीच ही पाने चांगली होती. मलाही ती वेगळी ओळखता आली नाहीत. मन गावाबाहेरची झाडे, पाणी, वाटा बघत होते त्या चौकटींवर मात्र जवळजवळ सगळीकडे खडू होता. कुठे पानाचा आकार बदलला होता, कुठे झुपका झाला होता, कुठे उजेड उजवीकडून यायचा तो डावीकडून आला होता. उजेडाची गंमत अशी की आईबरोबर मोह वेचायचो तेव्हा सूर्य डाव्या हाताला उगवायचा.

खडूच्या खुणांचा आणखी एक गट होता, आणि तो माझ्या तर्कात बसत नाही. एक फांदी दुसरीच्या पुढून जाते अशा ठिकाणी, मन शब्दांत असतानाही पाने बिघडली होती. तिथे कोणते पान पुढचे आणि कोणते मागचे हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते, आणि ठरवायला नुसते मनगट पुरत नाही. भरकाम सरसकट एकजिनसी समजून मी सुरुवात केली होती; त्यात असे सांधे आहेत आणि तिथे मनाला हजर राहावेच लागते.

पडताळा कच्चा आहे, हे उघड आहे. हात फक्त माझाच, परीक्षक एकच आणि तोही माझा हात ओळखणारा. तरी एवढ्या स्वच्छ वाटणीची मला अपेक्षा नव्हती.

काकांनी खुणा केलेल्या बहुतेक चौकटी पुन्हा रंगवल्या. ड-७ वर खूण होती, पण तिथे गडद रंग घेऊन गेलो तेव्हा त्यांनी हात धरला. मोह राहू द्यायचा, फक्त त्याचा उजेड फिरवायचा, असे ठरले.

१८ ऑक्टोबर

आकाश. पूर्वी पिवळ्या दिव्यांत निळा मळकट दिसे म्हणून काका नीळ सढळ हाताने घालत. आता मंडपात पांढरे एलईडी असतात आणि तीच नीळ डोळ्यांत खुपते. आकाशाचा निळा त्यांनी निम्म्यावर आणला आणि खाली किंचित गेरू दिला. दिवाळीच्या खरेदीमुळे मी अर्धाच वेळ होतो. घंटेची एकही नोंद नाही.

२६ ऑक्टोबर

मंडईच्या रात्री पडदा लागला. जंगलाचा प्रवेश मध्यरात्रीनंतर होता. पडदा उलगडला तेव्हा पुढच्या रांगेतून कोणीतरी मोठ्याने विचारले, “कोठचा तलाव होय जी हा?”, आणि मागून तीन वेगवेगळ्या गावांच्या तलावांची नावे आली. नट थोडा वेळ थांबून राहिला. मंडळाच्या अध्यक्षांना हा प्रकार आवडला नाही, कारण प्रसंग नायिकेच्या अपहरणाचा होता. त्यांचे म्हणणे रास्त आहे. पडदा नटाच्या मागे राहायला हवा, त्याच्या पुढे येता कामा नये.

दरबाराच्या पडद्याचे मांजरपाट येऊन पडले आहे. कामाची वाटणी या नोंदींवरून केली. खांब, कमानी आणि सिंहासनाची नक्षी जिथे एकमेकांवर येते ते सांधे सकाळी, तालीम नसताना करायचे. एकसारख्या फरशा आणि झालरीचे गोंडे संध्याकाळी तालमीच्या आवाजात भरायचे. तेव्हा मनाने हिशेब केले तरी चालतील. बघण्याचे जे काही आहे, म्हणजे लहानपणी पाहिलेले वाडे, देवळांचे खांब, नागपूरला पाहिलेल्या जुन्या कमानी, ते सगळे नकाशाच्या कागदावरच संपवून टाकायचे. नकाशासाठी काकांनी मला पूर्ण आठवडा दिला आहे आणि त्या आठवड्यात घंटा बंद ठेवायला सांगितली आहे. फरशांना ती पुन्हा सुरू होईल.